आतड्याचे नवे अस्तर आणि हगवणीचे चार दिवस

पावसाळ्याचे पहिले दोन महिने आपल्या वऱ्हाडात पेरणीचे तसेच हगवणीचेही असतात. नदीनाल्यांना गढूळ पूर येतो, विहिरींत वरचे पाणी झिरपते आणि अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांतून जुलाब-ओकारीच्या लेकरांची गर्दी होते. अशा वेळी आयाबायांच्या तोंडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "पाणी पाजलं का लगेच बाहेर पडते, मंग पाजाचं कायले?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जे डोळ्यांना दिसते त्यावरूनच तो विचारलेला आहे. परंतु त्याचे उत्तर डोळ्यांना दिसत नाही. ते लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात आहे. त्या अस्तराची रचना कशी असते, ते दर काही दिवसांनी नवे कसे होते आणि ही गोष्ट ठाऊक असल्यास एखाद्या लेकराचा जीव कसा वाचू शकतो, हे प्रस्तुत लेखात सोप्या शब्दांत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

लहान आतड्याची रचना

जठरात घुसळलेले अन्न पुढे लहान आतड्यात येते. नावाने हे आतडे लहान असले तरी मोठ्या माणसात त्याची लांबी सुमारे ६ मीटर, म्हणजे २० फुटांच्या आसपास असते. रुंदीला ते मोठ्या आतड्यापेक्षा कमी, म्हणून लहान. अन्नातील पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे पचन मुख्यतः येथे पूर्ण होते आणि पचलेला रस येथूनच रक्तात जातो.

या नळीची आतली बाजू गुळगुळीत नसते. तिला घड्या असतात आणि त्या घड्यांवर मखमलीच्या लवेसारखी अगदी बारीक बोटे उभी असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. एका रसांकुराची उंची साधारण अर्धा ते एक मिलिमीटर असते. रसांकुरावर पेशींचा फक्त एक पदरी थर असतो. या थरातील बहुतेक पेशी अन्नरस शोषणाऱ्या असून त्यांच्या माथ्यावर आणखी बारीक अशी हजारो केसरे असतात. या साऱ्या घड्या, बोटे व केसरे पसरून मोजली तर किती जागा होईल? जुन्या पुस्तकांत टेनिसच्या मैदानाएवढी असे लिहिलेले आढळते. २०१४ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा ती सुमारे ३० चौरस मीटर भरली. म्हणजे तीनशे चौरस फुटांहून थोडी अधिक, दोन खोल्यांच्या घराएवढी. एवढी जागा आपण पोटात घडी घालून वागवीत असतो.

या जागेचे काम किती मोठे आहे ते पाण्याच्या हिशेबावरून कळते. दिवसभरात लहान आतड्यात ८ ते ९ लिटर पाणी येते. त्यातील सुमारे २ लिटर आपण खाण्यापिण्यातून घेतो. बाकीचे लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा स्वतःचा रस यांचे असते. यातील बहुतेक सर्व पाणी लहान आतडे परत शोषून घेते. लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात जाते आणि शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडते. म्हणजे हगवणीत जे पाणी जाते ते केवळ पाजलेले पाणी नसते. शरीराने स्वतःच्या रक्तातून आतड्यात सोडलेले पाणी परत घेण्याचे काम थांबलेले असते. पाजणे बंद केले तरी हे जाणे बंद होत नाही. मघाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

अस्तर नवे कसे होते?

उरलेले अर्धे उत्तर अस्तराच्या नवेपणात आहे. आतड्याच्या आत सतत पाचक रस असतात. अन्न घासत जाते, जंतू येत-जात असतात. अशा ठिकाणी एक पदरी थर टिकायचा कसा? निसर्गाने यावर उपाय केला आहे तो असा की, तो थर टिकवून ठेवायचाच नाही, तो सतत बदलत राहायचा. मातीच्या घराची जमीन पायांनी झिजते म्हणून आपल्या घरच्या बाया ती दर काही दिवसांनी सारवतात. आतड्यात असेच सारवण रात्रंदिवस चालू असते आणि ते कधी थांबत नाही.

रसांकुरांच्या बुडाशी, दोन बोटांच्या बेचक्यात असावेत तसे, बारीक खोलगट खळगे असतात. नव्या पेशी तयार होण्याचे ठिकाण हेच. खळग्याच्या अगदी तळाशी थोड्या मूळ पेशी असतात. त्यांना मूलपेशी असेही म्हणतात. उंदराच्या एका खळग्यात त्या पंधराच्या आसपास मोजल्या गेल्या आहेत. उंदरात मूळ पेशी साधारण दिवसाला एकदा दुभंगते. तिच्यापासून झालेल्या दोन पेशींपैकी काही मूळ पेशी म्हणून तळाशी राहतात, काही वर सरकतात. वर सरकलेल्या पेशी आणखी काही वेळा भराभर दुभंगतात आणि मग त्यांची कामे ठरतात. बहुतेक पेशी अन्नरस शोषणाऱ्या होतात. काही बुळबुळीत श्लेष्म तयार करणाऱ्या होतात, त्यामुळे अस्तरावर संरक्षक लेप राहतो. थोड्या पेशी संप्रेरके तयार करतात.

काम ठरलेल्या या पेशी एकामागून एक रसांकुराच्या बाजूने वर चढू लागतात. वर जाता जाता त्यांची केसरे व पाचक विकरे पूर्ण तयार होतात. शेंड्यापाशी पोहोचल्यावर त्या सुटून आतड्याच्या पोकळीत गळून पडतात. खळग्यातून निघून शेंड्यावरून गळून पडेपर्यंत माणसात साधारण तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे आज सोमवारी आपल्या आतड्यात भाकरीचा रस शोषणारी पेशी येत्या शनिवारी तेथे बहुधा नसेल, तिच्या जागी दुसरी असेल. गळालेल्या पेशीही वाया जात नाहीत. त्यांचे पचन होऊन त्यातील प्रथिने शरीर पुन्हा वापरते.

या नियमाला एक अपवाद आहे. खळग्याच्या तळाशी मूळ पेशींच्या शेजारी पॅनेथ नावाच्या पेशी असतात. त्या वर चढत नाहीत, खालीच राहतात आणि कित्येक आठवडे जगतात. जंतुनाशक द्रव्ये स्रवणे व शेजारच्या मूळ पेशींना आधार देणे हे त्यांचे काम. बियाण्याची राखण करावी तशी ही राखण आहे.

एका दिवसात आपल्या शरीरातील किती पेशी बदलतात याचा हिशेब २०२१ साली इस्राएलमधील दोन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. तो आकडा सुमारे ३३,००० कोटी आहे. त्यात रक्तातील पेशी सर्वांत जास्त आणि त्यांच्या खालोखाल आतड्याच्या अस्तरातील पेशी, सुमारे १२ टक्के, म्हणजे रोजच्या ४,००० कोटींच्या घरात. रक्तपेशी सोडल्या तर एवढ्या वेगाने नवे होणारे दुसरे अवयव-अस्तर शरीरात नाही.

हे कसे कळले?

पेशी खळग्यात जन्मते व वर जाते, हा तर्क इटलीचे शास्त्रज्ञ जुलिओ बिझोझेरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मांडला होता. पुढे १९४८ साली कॅनडातील शार्ल लब्लाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांत दुभंगणाऱ्या पेशी मोजून दाखविले की, हे अस्तर सदैव व अतिशय वेगाने बदलत असते. तोपर्यंत प्रौढ शरीरातील बहुतेक अवयव एकदा तयार झाले की तसेच राहतात असा समज होता. २००७ साली नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने खळग्याच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी नेमक्या कोणत्या, हे त्यांच्यावरील एका खुणेवरून ओळखले. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच प्रयोगशाळेत अशी एक सुटी मूळ पेशी काचेच्या बशीत वाढविली असता तिच्यापासून खळगे व रसांकुर यांसारखी रचना असलेले इवलेसे आतडे तयार झाले. एका पेशीत सारे अस्तर पुन्हा उभे करण्याची शक्ती असते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना जुलाब का होतात, तोंड का येते, याचाही उलगडा यातून होतो. ही औषधे भराभर दुभंगणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशींबरोबर आतड्याच्या खळग्यातील पेशीही सापडतात, काही दिवस नवे अस्तर चढत नाही आणि जुलाब लागतात. औषधाचा जोर ओसरल्यावर अस्तर पुन्हा भरून येते. अशा रुग्णाच्या घरच्यांनी घाबरून जाऊ नये, मात्र डॉक्टरांना लगेच कळवावे.

हगवणीत नेमके काय होते?

सर्व हगवणी सारख्या नसतात. त्यातील दोन प्रकार आपण पाहू, कारण त्या दोहोंत अस्तराची गोष्ट वेगवेगळी आहे.

पहिला प्रकार पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात, हे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांच्या आतड्यावर प्रयोग करून सिद्ध केले. हे विष पेशीला मारीत नाही. ते पेशीच्या आत शिरून क्षार व पाणी बाहेर सोडण्याची तिची वाट सताड उघडी करते. ती वाट मग त्या पेशीला बंद करता येत नाही. रोगी तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो आणि काही तासांत दगावू शकतो. परंतु ज्या पेशींना विष लागले त्या पेशी तीन-चार दिवसांत तशाही गळून पडणारच असतात. त्यांच्या जागी खळग्यातून निर्विष पेशी येतात. म्हणजे तेवढे दिवस रोग्याच्या अंगातले पाणी व मीठ टिकवून धरले, तर उरलेले काम आतडे स्वतःच करते. प्रतिजैविक औषधाने हा काळ कमी होतो, पण जीव वाचविते ते पाणी.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने पटकीची साथ पसरली, अनेक लोक आजारी पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. नळयोजनेची वीज थकलेल्या बिलापायी तुटल्याने लोकांना त्या विहिरीवर जावे लागले, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आले होते. पटकी हा आजोबांच्या काळचा रोग, आता गेला, असे समजणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार रोटा विषाणूचा. हा विषाणू १९७३ साली ऑस्ट्रेलियात रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना लहान मुलांच्या आतड्यात सापडला. दोन वर्षांखालील बालकांना तो विशेष छळतो. पटकीच्या विषाने पेशी जिवंत राहते, रोटा विषाणू मात्र रसांकुराच्या शेंड्याकडच्या तयार पेशींतच शिरतो व त्यांचा नाश करतो. बोटे जणू झडून आखूड होतात. शोषणारी जागा कमी झाली म्हणजे पाणी व अन्नरस तसाच पुढे वाहतो. दूध पचविणारे विकर शेंड्याकडच्याच पेशींत असते, म्हणून काही लेकरांना आजारानंतर थोडे दिवस वरचे दूध पचत नाही. पण खळग्यातील मूळ पेशी शाबूत असतात. त्या अधिक वेगाने कामाला लागतात आणि काही दिवसांत रसांकुर पुन्हा भरून येतात.

या विषाणूवर भारतात तयार झालेल्या रोटाव्हॅक लसीची चाचणी २०११ पासून दिल्ली, पुण्याजवळील वढू व वेल्लोर येथील सुमारे ६,८०० बालकांवर झाली. पहिल्या वर्षात तीव्र हगवणीपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळते असे तीत दिसून आले. २०१६ पासून रोटा लस सरकारी लसीकरणात येऊ लागली व २०१९ मध्ये ती देशभर पोहोचली. बाळाला ६, १० व १४ आठवड्यांची असताना ती तोंडाने मोफत दिली जाते. ती चुकवू नये. मात्र लस दिली म्हणजे हगवण होणारच नाही असे समजू नये.

जलसंजीवनी काम कशी करते?

आता पहिल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देता येईल. नुसते पाणी पाजले तर आजारी आतडे ते नीट घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु रसांकुरावरील पेशींना एक वेगळे दार असते. त्या दारातून साखरेचा म्हणजे ग्लुकोजचा एक कण दोन सोडियमच्या कणांना सोबत घेऊन आत येतो आणि त्यांच्या मागे पाणी येते. साखर व मीठ आतड्यात जोडीने शोषले जातात ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. पटकीचे विष पाणी बाहेर सोडणारी वाट उघडते, पण हे आत घेणारे दार बंद करू शकत नाही. रोटाच्या हगवणीतही सर्व रसांकुर एकदम झडत नाहीत, उरलेल्यांवरचे दार चालू असते. म्हणून साखर व मीठ योग्य प्रमाणात कालवलेले पाणी शरीरात जातेच, जुलाब चालू असले तरी जाते. जुलाब लगेच थांबणार नाहीत, ते नव्या अस्तराबरोबर थांबतील. तोवर बाहेर जाते तेवढे आत घालत राहायचे, हाच जलसंजीवनीचा, म्हणजे ओ.आर.एस.चा अर्थ होय.

याची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या युद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे मिश्रण पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले व पाजावयास सांगितले. छावणीत तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. पाजणारे हात आई-बापांचे व भावंडांचे होते, हे ध्यानात घ्यावे. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

जलसंजीवनीच्या सध्याच्या पुडीत एक लिटरसाठी २०.५ ग्रॅम मिश्रण असते : ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सायट्रेट २.९ ग्रॅम. हे प्रमाण मोजून ठरविलेले आहे. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच पाणी ओढून घेते व जुलाब वाढतात. म्हणून बाटलीबंद गोड पेये, फळांचे तयार रस व थंड पेये जलसंजीवनीच्या जागी देऊ नयेत, त्यांच्या वेष्टनावर काहीही छापलेले असो.

येथे आपल्या भागासाठी एक विशेष सूचना करावीशी वाटते. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तेथील विहिरी व बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार आहेत. अशा पाण्यात जलसंजीवनीची पुडी किंवा घरचे साखर-मीठ कालवले तर मिठाचे प्रमाण बिघडते व लेकराला अपाय होऊ शकतो. म्हणून वान, शहानूर यांसारख्या धरणांवरील नळयोजनेचे किंवा दुसरे गोडे पाणी यासाठी वापरावे आणि ते उकळून गार केलेले असावे. पावसाळ्यात असे दोन-चार लिटर पाणी घरात झाकून ठेवणे प्रत्येकास जमण्यासारखे आहे.

लंघन की अन्न?

"पोटाला आराम द्या" म्हणून हगवणीच्या लेकराचे खाणे तोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अस्तराची गोष्ट समजल्यावर तिच्यातला धोका उघड होतो. नवे अस्तर चढविण्यास सामान लागते, ते अन्नातूनच येते. शिवाय रसांकुरांवरून अन्न जाणे हीच मूळ पेशींना कामाची सूचना असते. जनावरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, काही दिवस उपाशी ठेवल्यास रसांकुर आखूड होतात व पेशींचे दुभंगणे मंदावते. म्हणजे ज्या वेळी दुरुस्ती व्हावयाची त्याच वेळी आपण गवंड्याचे सामान बंद करतो.

म्हणून आईचे दूध मुळीच तोडू नये. सहा महिन्यांवरील बाळाला मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, ज्वारीच्या कण्या, केळे असे अन्न थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे. आजार गेल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. सोबत जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यावयाच्या असतात : सहा महिन्यांखालील बाळास रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील बालकास २० मिलिग्रॅम. जस्तामुळे अस्तराची दुरुस्ती नीट होते आणि पुढील दोन-तीन महिने पुन्हा हगवण होण्याचा संभव कमी होतो. जुलाब थांबले म्हणून या गोळ्या मध्येच सोडू नयेत. आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात.

दुरुस्ती पुरी होत नाही तेव्हा

येथवर वाचून कोणास वाटेल की, आतडे आपोआप नवे होते, मग चिंता कसली? चिंता आहे, आणि ती मेळघाटाकडे पाहिले म्हणजे समजते. धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांतील बालमृत्यू व कुपोषण १९९३ पासून देशभर चर्चेत आले, न्यायालयापर्यंत गेले आणि आजही तो प्रश्न संपलेला नाही. कुपोषणाची कारणे अनेक आहेत : दारिद्र्य, स्थलांतर, लहान वयातील बाळंतपण, दूरचे दवाखाने. त्यात आतड्याचेही एक कारण आहे.

जे लेकरू घाणीच्या जागी वाढते, ज्याच्या तोंडात रोज दूषित पाणी व माती जाते, त्याच्या अस्तराला उसंत मिळत नाही. एक घाव भरतो न भरतो तोच दुसरा बसतो. कालांतराने रसांकुर आखूड व बोथट होतात, खळगे खोल होतात आणि जंतूंचे अंश थरातून आत झिरपू लागतात. लेकराला जुलाब नसतानाही हे चालू असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९६० व १९७० च्या दशकांत अशा आतड्यांचा अभ्यास केला होता. असे आतडे खाल्लेले अन्न पुरते घेऊ शकत नाही. लेकरू खाते पण अंगी लागत नाही, असे आपण म्हणतो, त्याचे हे एक शास्त्रीय कारण होय. मग कुपोषणामुळे दुरुस्ती आणखी मंदावते आणि फेरा सुरू राहतो.

हा फेरा तोडणे सोपे नाही. बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथे मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. साधी शौचालये, हात धुणे व पाण्यात औषध टाकणे एवढ्याने मुलांची उंची वाढलेली दिसली नाही, बांगलादेशात हगवण मात्र कमी झाली. याचा अर्थ स्वच्छता व्यर्थ आहे असा नव्हे. अर्धवट स्वच्छता पुरेशी नाही, असा तो आहे. घरापर्यंत नळाने शुद्ध पाणी, साऱ्या गावाची स्वच्छता, पोटभर अन्न आणि हाताशी दवाखाना ही चारही एकत्र हवीत. शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन साऱ्या गावाची स्वच्छता का शिकविली, हेही यातून नव्याने कळते. मेळघाटातील बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने औषधोपचाराबरोबरच शेती व धान्यपुरवठ्याच्या प्रश्नांत लक्ष घातले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आजाराचे मूळ चुलीत व शेतातही असते हे त्यांच्या कामावरून दिसून येते.

काय करू नये, काय करावे

पोटफुगीवर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची पद्धत मेळघाटात अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. चटक्याने आतड्यात काहीही बरे होत नाही, उलट तान्ह्या जीवाला जखम व जंतुसंसर्ग होतो. मात्र त्या आईबापांना नावे ठेवून हे थांबणार नाही. लोक ज्या भुमकावर विश्वास ठेवतात त्यालाच सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात आणण्याचे प्रयत्न आरोग्य विभागाने केले आहेत, तोच मार्ग बरा. आणि शहरातील सुशिक्षितांनीही स्वतःकडे पाहावे. जुलाब तात्काळ बंद करणारी गोळी लेकरास देणे, प्रत्येक हगवणीत प्रतिजैविक मागणे, पिऊ शकणाऱ्या रुग्णालाही "सलाईन लावाच" म्हणून हट्ट धरणे, या चुका पुष्कळ घरांत होतात.

करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत :

१) पहिल्या पातळ शौचापासूनच जलसंजीवनी सुरू करावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक अख्खी पुडी कालवावी. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे.

२) पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

३) प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप, व त्यावरील बालकास १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्याने पाजावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे.

४) अन्न व आईचे दूध चालू ठेवावे. जस्ताची गोळी १४ दिवस द्यावी.

५) शौचात रक्त येणे, डोळे खोल जाणे, चिमटीत धरलेली कातडी हळू मागे जाणे, लेकरू सुस्त पडणे, पिऊ न शकणे, किंवा प्रत्येक घोट ओकून टाकणे, यातील एकही चिन्ह दिसल्यास क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा. अशा वेळी सलाईनची खरी गरज असते. वाटेतही पाजत राहावे.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून वर्षावासानिमित्त रोज सायंकाळी ग्रंथवाचन होते. हगवणीचे दिवसही हेच. वाचन संपल्यावर एखाद्या दिवशी गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला बोलावून जलसंजीवनी कशी कालवायची ते सर्वांसमक्ष करून दाखवावे आणि विहाराच्या कपाटात वीस-पंचवीस पुड्या ठेवाव्यात. अर्ध्या रात्री मोहल्ल्यात कोणाचे लेकरू आजारी पडले तर पुडीसाठी तालुक्याला धावावे लागू नये.

आतड्याच्या तळाशी असलेल्या त्या मूठभर मूळ पेशी आपले काम कोणी न सांगता करतात. त्यांना नवे अस्तर चढवावयास चार-पाच दिवस पाहिजेत. हे चार-पाच दिवस लेकराला मिळतात की नाही, हे मात्र त्याच्या उशाशी वाटी-चमचा घेऊन बसलेल्या माणसावर अवलंबून असते.